घाट्याची वाटी

मालक गेले त्या उन्हाळ्यात माझ्या घरी बिबड्या झाल्या नाहीत. सावद्यात रीतच आहे, ज्या घरातलं माणूस गेलं तिथे वर्षभर ज्वारीच्या या पापडांना हात लावत नाहीत. शेजारच्या बाया आपल्यातल्या आणून देतात.

मुलगा देवपुरात राहतो, धुळ्याला. तो रोज फोन करायचा, "आई, कुलूप लाव आणि ये. एकटी काय करशील तिथे?" मी चहात पोळी बुडवून दिवस काढत होते. भेटायला येणाऱ्या बाया मी रडते का ते बघायच्या. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. आखाजीचा सण झाला की येते, असं मुलाला सांगून मी पिशवी भरून ठेवली.

तेवढ्यात शेजारणीने बिबड्या काढल्या. दुसऱ्याच्या घरी मदत करायला हरकत नव्हती. चुलीवरचं पीठ हाटायला, घोटायला जोर लागतो, म्हणून गल्लीत मलाच बोलावतात. त्या पिठाचा घाटा शिजला तसा मी थोडा वाटीत काढला, मध्ये खड्डा करून तेल ओतलं, वर तिखट टाकलं आणि बिबड्या वाळत घातलेल्या खाटेकडे निघाले. आमच्या घरी बिबड्या असल्या की खाटेपाशी मालक काठी घेऊन कावळे हाकायला बसायचे. ही वाटी त्यांची.

तिथे कोणी नव्हतं. बाकीच्या बायांचे हात थांबले.

शेजारणीने बिबडी थापणं काही थांबवलं नाही. म्हणाली, "अक्का, घाटा थंडा व्हईन. खाऊन घे."

"त्याहिले तेल जास्ती लागे."

"मंग टाक अजून. आन कावळे काय हाकत व्हते ते? निम्मा वेळ त घोरतच राहेत!"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. तिथेच बसून वाटी संपवली. पुष्कळ दिवसांनी तिखट जिभेला लागलं.

लोक सांगत होते, हळूहळू विसरशील. काही विसरत नाही. हात अजून त्यांची वाटी भरतो. भरू दे. खायला मी आहे.

संध्याकाळी पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवली आणि मुलाला फोन केला. "चार दिवस येईन, कायमची नाही. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर बिबड्या करायच्या आहेत. कावळे हाकायला तू ये."

"मला कुठे जमतं ते?"

"तुझ्या बापाला तरी कुठे जमत होतं!"