भाकरी थापणाऱ्या हातांचे मलम

प्रश्न असा होता: सांध्यांच्या झिजेने दुखणाऱ्या बोटांना कोणते मलम लावावे, म्हणजे दुखणे उतरेल आणि त्याच हातांनी ज्वारीची भाकरीही थापता येईल?

प्रश्नाचा उत्तरार्ध औषधाच्या दुकानात कोणी विचारात घेत नाही. आमच्या घरात मात्र तोच मुख्य होता.

ती बोटे माझ्या थोरल्या जाऊबाईंची. परंड्याच्या घरात आम्ही तिघेच राहतो: त्या, मी आणि माझे यजमान. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि माझी सारी नोकरी जाऊबाईंच्या भाकरीवर झाली असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. सकाळी मी निघे तेव्हा फडक्यात गुंडाळलेली भाकरी तयार असे, आणि तिची ऊब शाळेच्या फाटकापर्यंत माझ्या कुशीला लागत राही. आजही पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा परातीवरचा तो थापण्याचा आवाज स्वप्नातला की स्वयंपाकघरातला, हे मला लवकर ठरवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो आवाज मध्येच थांबू लागला. दोन थापा, मग शांतता, मग एक थाप. अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांवर गाठी आल्या होत्या. पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलाने फोनवरच निर्णय सांगितला.

"आई, हात चालत नाहीत तर तिथं कशाला राहायचं? इकडं ये. इथं भाकऱ्या विकत मिळतात."

"माझं हात चालत्यात तवर म्या हितंच ऱ्हाणार."

"बरं. दिवाळीला येतो, तेव्हा बघू हात."

अशा रीतीने जाऊबाईंचे परंड्यात राहणे त्यांच्या बोटांवर येऊन ठेपले.

डॉक्टरांनी बोटे वाकवून पाहिली, झीज असल्याचे सांगितले, आणि पोटातल्या गोळ्यांपेक्षा वरून लावण्याचे औषध आधी वापरून पाहा म्हणाले. परंतु वरून लावण्याची औषधे पुष्कळ असतात आणि ती एका जातीची नसतात. काही मलमे त्वचेला गार किंवा गरम भासवून दुखण्यावरचे लक्ष दुसरीकडे वळवतात. काहींत मिरचीचा तिखट अर्क असतो. तो कित्येक दिवस नेमाने लावावा लागतो. काहींत सूज उतरवणारे औषधच असते, ते त्वचेतून सांध्याकडे जाते. मिरचीचे मलम मी सर्वांत आधी बाद केले. जो हात दिवसातून अनेकदा पदराने डोळे पुसतो, त्याला ते लावणे शहाणपणाचे नव्हे.

जाऊबाईंनी मात्र माझी वाट पाहिली नाही. शेजारणीकडून एक जहाल बाम आणून त्यांनी स्वतःच प्रयोग केला. तो कसा चुकला, हे इथे सांगणे आवश्यक आहे.

आमच्याकडे औषध उबेने आत जाते, अशी पक्की समजूत आहे. गुडघ्याला तेल लावले की वर एरंडाचे पान तव्यावर गरम करून बांधायचे. आता पावसाळ्यातले पीठ जुन्या ज्वारीचे असते, त्याची विरी गेलेली असते, म्हणजे चिकटपणा उरलेला नसतो. ते उकळत्या पाण्याने मळल्याखेरीज भाकरी तुटते. जाऊबाईंनी विचार केला, हात गरम पिठात जाणारच आहेत, तर आधी बाम चोळून घ्यावा; एका कामात दोन कामे. त्यांनी तसे केले.

जेवताना यजमानांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"वहिनी, आजची भाकरी खाल्ली न् नाकच मोकळं झालं की!"

"मंग दोन जास्ती खावा, भाऊजी. सर्दीचं औषध घ्याया नको."

आम्ही हसलो. पण त्या वाढताना हात पदराआड धरत होत्या. मी पदर बाजूला केला. दोन्ही तळवे लालबुंद झाले होते आणि पाण्याच्या थेंबानेही चरचरत होते. अशा बामावर वरून उष्णता दिली तर कातडी भाजू शकते, हे विद्यार्थ्यांना सांगावे तसे मी त्यांना सांगितले.

"ही अक्कल डबीवर लिहिलेली असती का?" त्यांनी विचारले.

"लिहिलेली असते, जाऊबाई. अगदी बारीक अक्षरात."

"मंग ती मुंग्यांसाठी लिहित्यात."

कातडी पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांना पुन्हा विचारून आम्ही वास नसलेले, सूज उतरवणारे जेल आणले. त्याआधी त्यांनी मूत्रपिंड, पोटातला व्रण, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची चौकशी केली. माहितीपत्रक मी भिंगाखाली वाचले. ठरलेले माप घ्यावे, हलक्या हाताने पसरावे, चिरलेल्या कातडीवर लावू नये, वरून शेकू नये. आणि हातांना लावले असेल तर किमान एक तास हात धुवू नयेत.

सूचना साधी वाटली. पण जाऊबाईंच्या दिवसात कोरड्या हातांचा तास कुठे आहे, हे शोधू लागले तेव्हा तो सापडेना. जेल लावून त्या ओसरीवर बसत, आणि लगेच डाळ भिजत घालायची आठवण होई. मग भांडी, मग तुळशीला पाणी. औषध सांध्यापर्यंत न जाता मोरीतून वाहून जात होते.

"मंग काय करू? शोभेला बसू?"

"होय. जेवण झाल्यावर तासभर शोभेलाच बसायचे."

"लई सोपं झालं तुला, मास्तरीणबाई. तू बसून दाखीव आधी."

म्हणून मीही बसू लागले. भांडी यजमानांनी अंगावर घेतली, आणि त्यांच्या प्रत्येक खणखणाटावर ओसरीवरून शेरे मारले जाऊ लागले.

त्या दुपारी मला नीट शब्दांत मांडता येत नाहीत. इतकी वर्षे एका घरात राहूनही आम्ही दोघी रिकाम्या हातांनी एकमेकींजवळ कधी बसलोच नव्हतो. मध्ये नेहमी निवडायचे धान्य असे, सोलायच्या शेंगा असत. आता मध्ये काही नव्हते. दोरीवरच्या धोतराची सावली फरशीवरून संथपणे सरके. गावच्या किल्ल्याकडून पारव्यांचे घुमणे येई आणि थांबे. जाऊबाईंचे तळवे मांडीवर उताणे पडलेले, जणू कोणी ते तिथे ठेवून परत न्यायचे विसरून गेले आहे. डोळे मिटता मिटता त्या माहेरचे, सोनारीचे, काहीबाही सांगत. भैरवनाथाच्या देवळापाशी एका माकडिणीने लहानपणी त्यांची मूठ धरली होती. आत शेंगदाणे होते.

"ओढलं न्हाय तिनं. एकेक बोट उघडलं. लई मऊ हात व्हता बघ तिचा." एवढे बोलून त्या झोपेत उतरत, आणि त्यांच्यामागोमाग मीही. तास झाला की पारव्यांपैकी कोणीतरी उडे आणि आम्ही दोघी दचकून जाग्या होत असू, कुठल्या गावी होतो ते क्षणभर न कळता.

काही आठवड्यांनी पहाटेच्या थापा पुन्हा सलग ऐकू येऊ लागल्या. अचूक सांगायचे तर गाठी गेल्या नाहीत आणि बोटे सरळ झाली नाहीत, ठणका तेवढा उतरला. भाकरी लहान झाली, कारण अंगठ्याला पूर्वीचा ताण सोसत नाही.

दिवाळीला मुलगा आला आणि परातीसमोरच बसला.

"केवढीशी भाकरी ही, आई!"

"पुण्यात तुझं पोट बी एवढंसंच झालंय."

तो हसला, पण नजर अंगठ्यावर होती. "दुखतं ना अजून?"

"दुखतंय. पण थापू देतंय."

दुपारी ट्यूब त्यानेच घेतली आणि एकेका पेरावरून बोट फिरवत जेल पसरले. मग आमच्या नियमाप्रमाणे त्यालाही बसवले. फोन खिशात ठेवायला लावला. थोड्याच वेळात तो भिंतीला टेकून झोपला, तोंड किंचित उघडे, लहानपणी झोपे तसा. जाऊबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. उठून पांघरूण घालावे असे त्यांना फार वाटत होते, पण हात ओले होते. ते मी घातले.

निघताना त्याने पुण्याचा विषय काढला नाही. रिकामी ट्यूब तेवढी मागून घेतली.

"काकू, पुढच्या खेपेला मीच घेऊन येतो. इथं किती लागतील?"

"तू येत राहशील तितक्या," मी म्हणाले.

प्रश्नाचे उत्तर आम्हाला मिळाले ते हे: वास नसलेले जेल, दिवसाच्या भाकऱ्या झाल्यावर, आणि पुढे एक तास काहीही न करणे. तथापि हे एका घरातल्या दोन हातांचे निरीक्षण आहे. तुमचे दुखणे झिजेचे आहे की अन्य वाताचे, आणि तुमच्या इतर औषधांशी कोणते मलम जुळते, हे मला ठाऊक नाही. कृपया माझ्या शब्दावर विसंबू नका. माहितीपत्रक वाचा, डॉक्टरांना विचारा आणि स्वतः पडताळून पाहा.