गोधडीतलं हिरवं

उन्हात वाळलेल्या गोधडीचा वास अजून मला सोसवत नाही. प्लेग ओसरला त्या वर्षी, कळंबच्या घरात, मला सातवा महिना होता. थोरल्या सवतीला, आक्काला, मूल नव्हतं, म्हणून मला आणलेली. बाळाच्या गोधडीसाठी आम्ही दोघींनी चिंध्या मांडल्या, पण सगळ्याच विटक्या निघाल्या.

"आक्का, मधोमध गडद रंग पायजे. तुमचं हिरवं लुगडं द्या."

"त्ये मी मेल्यावर नेसवायला ठिवलंय गं."

"तवर दुसरं मिळंल की."

तिनं स्वतःच ते फाडलं आणि बारीक टाके घालून गोधडीही शिवली.

दोन वर्षांनी ती गेली. दुसरं लुगडं कुणी आणलंच नव्हतं. विटक्या लुगड्यातच तिला उचलली. मी दारात उभी राहून गोधडीवर निजलेल्या माझ्या बाळाकडे पाहत होते. हिरवा रंग त्याला फार खुलत होता.