एका वेळी एकच वाचक

ग्रंथालयात त्यांना सगळे दशांशकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. पुस्तकाला विषयाप्रमाणे वर्गांक, म्हणजे कपाटातल्या जागेचा आकडा, द्यायचा हे त्यांचं काम. पण साध्या आकड्यावर त्यांचं समाधान होत नसे. टिंबानंतर आकड्यांची शेपटी जितकी लांब, तितका त्यांचा दिवस चांगला जायचा. त्यातून वाचकाला पुस्तक सापडलं नाही, तर चूक वाचकाची. हे त्यांचं मत होतं, आणि मत बदलण्याचा त्यांना सराव नव्हता.

जिन्यामागची खोली त्यांची. एक खिडकी, एक भलंथोरलं टेबल आणि दाराला आतून कडी. तरुणपणी ते या खोलीत शिरले, ते केस पिकले तरी जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. बाहेर माणसं होती, आणि माणसांना वर्गांक देता येत नाही.

पुढे नव्या ग्रंथपालबाई आल्या. कुठलाही कागद हवा असला की सगळे या खोलीतून त्या खोलीत हिंडतात, हे त्यांनी पाहिलं आणि इंट्रानेट आणवलं. म्हणजे परिपत्रकं, रजेचे नियम, पाळ्यांचा तक्ता, सगळं एका ठिकाणी. ज्यानं त्यानं आपापल्या कॉम्प्युटरवर उघडावं आणि वाचावं. आता कागद लावून ठेवण्यात दशांशकाकांचा हात कोण धरणार? काम त्यांच्याकडे गेलं. बाईंचा हेतू चांगलाच होता. बहुतेक घोटाळ्यांच्या मुळाशी तोच असतो.

काकांनी कंबर कसली. प्रत्येक कागदाला दाखल क्रमांक आला, वर्गांक आला. सुट्ट्यांची यादी कालगणना म्हणून खगोलशास्त्रात गेली. नळ गळतोय ही सूचना जलव्यवस्थापनात जाऊन बसली. आणि सगळ्यावर कळस म्हणजे देवघेवीचा नियम: कागद एका वेळी एकालाच मिळेल, तोही आठवड्याच्या बोलीवर. दुसऱ्यानं उघडायला जावं तर पडद्यावर यायचं, ‘बाहेर गेले आहे.’

हे सगळं बसवून द्यायला आलेला कॉम्प्युटरवाला बिचारा काकुळतीला आला.

“काका, हा कागद झिजत नाही हो. पन्नास जणांनी एकदम उघडला तरी चालतो.”

“पन्नास जणांनी एकदम वाचलं, तर जबाबदार कोण?” काकांनी विचारलं. कॉम्प्युटरवाल्यानं कपाळाला हात लावला आणि सांगितलं तसं करून दिलं.

थोड्याच दिवसांत खरा पाळ्यांचा तक्ता चहाच्या खोलीच्या दारामागे टाचणीनं लटकू लागला. इंट्रानेटची ब्याद नको म्हणून माणसं पुन्हा या खोलीतून त्या खोलीत हिंडू लागली. काका मात्र खुशीत होते. एकही कागद हरवला नव्हता. सापडतही नव्हता, पण ती बाब वेगळी.

मग एके दिवशी ग्रंथपालबाईंनी त्यांना बोलावलं.

“काका, वाचकांना बसायला जागा पुरत नाही. तुमची खोली त्यांना द्यावी म्हणते. तुमचं टेबल देवघेवीच्या काउंटरमागे, झेरॉक्सच्या शेजारी लावू.”

झेरॉक्सच्या शेजारी म्हणजे दिवसभर लोकांच्यात. “स्टाफला हे पटणार नाही, मॅडम,” ते कसंबसं म्हणाले.

“मग त्यांना विचारू. प्रस्ताव इंट्रानेटवर टाकते. तुमची हरकत मी धरत नाही, खोलीच तुमची आहे. पण बाकीच्यांपैकी एकानं जरी त्याखाली हरकत लिहिली, तरी खोली तुमच्याकडेच राहील. शुक्रवारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही, तर सगळ्यांची संमती.”

एकानं! काका हलक्या पायांनी खोलीत परतले. इतक्या वर्षांची नोकरी, एक माणूस मिळणार नाही?

प्रस्ताव आला. रिवाजाप्रमाणे काकांनी तो सर्वांत आधी स्वतःच्या नावावर घेतला आणि वर्गांकाला बसले. खोली रिकामी करणं हे बांधकामात घालावं की ग्रंथालय प्रशासनात? घोडं तिथंच अडलं. टिंबापुढे चार आकडे लावले, खोडले, पाच लावले. शुक्रवार संध्याकाळी सहावा आकडा सापडला तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. आठवडाभर इतरांच्या पडद्यावर एकच ओळ होती: ‘बाहेर गेले आहे.’

शनिवारी बाई म्हणाल्या, “एकही हरकत नाही, काका.”

आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याचं काकांच्या ध्यानात आलं, ते तेव्हा. बाहेर आले तर देवघेवीच्या ताई हळहळल्या, “अहो काका, मी लिहिणारच होते. कागद उघडेल तर ना!” बाइंडर म्हणाला, “मी तर दोनदा बघितलं. तुमच्याच नावावर होता.” चहाच्या खोलीत जो तो हेच म्हणाला. काकांना वाईट वाटायच्या ऐवजी गहिवरूनच आलं. खोली गेली, पण माणसं आपली निघाली.

घरी त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

“मग सोपं आहे की,” ती म्हणाली. “बाईंकडून दोन दिवस मागून घ्या आणि तो कागद करा सगळ्यांना खुला.”

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

“का हो? सगळे लिहिणारच होते ना?”

तिच्या बोलण्यात खोच होती आणि ती बरोबर जिव्हारी लागली. काकांना भीती वाटत होती. कागद बंद होता तोवर सगळे त्यांच्या बाजूचे होते. तरीही सोमवारी त्यांनी बाईंकडून दोन दिवस मागून घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका कागदाचं कुलूप काढलं. कुणीही वाचा, कितीही जणांनी वाचा.

सगळ्यांनी वाचला. कुणी उघडला ते काकांना पडद्यावर दिसत होतं. ताईंनी उघडला. बाइंडरनं उघडला. चहाच्या खोलीतल्या एकूण एक माणसानं उघडला आणि गुपचूप मिटला. काका येता-जाता ताई काउंटरवरून त्यांची नजर चुकवू लागल्या. बाइंडरला अचानक डिंक आणायला बाहेर जावं लागलं. काका आपल्या खोलीत खुर्चीला खिळून होते. इतकं एकटं त्यांना कडी लावलेल्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुदत संपता संपता, प्रस्तावाखाली एक ओळ उमटली. चष्मा पुसून त्यांनी वाचलं. शिपायानं लिहिलं होतं:

‘टेबल जड आहे. मला एकट्याला हलणार नाही. दुसरा माणूस कोण ते कळवावे.’

काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला वर्गांक काही त्यांनी दिला नाही. खाली लिहिलं, ‘दुसऱ्या बाजूनं मी धरतो.’ आणि उठून दाराची कडी काढली.