काडेपेटीचे आठ कोपरे

"आधी कोपरं मोजा, सायेब," म्हणत आप्पा खिशातून काडेपेटी काढायचे. विडी नाही, सिगारेट नाही. खुटबावच्या विहारात संध्याकाळी मेणबत्ती लावायला ती लागायची. आमच्या शिरूरच्या ऑफिसात मात्र कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की तीच काडेपेटी टेबलावर यायची.

आप्पा ऑफिसातले मदतनीस, पाबळला वेल्डिंग शिकलेले. मी एम.टेक. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल, ज्याला यातलं काही कळत नाही असं आपण धरूनच चालतो.

आमचं एक सॉफ्टवेअर टाकीच्या चित्राची मेश करायचं, म्हणजे तिचे हजारो बारके ठोकळे पाडायचं. त्या ठोकळ्यांवर किती ताण येतो हे काढणारा सॉल्व्हर दुसऱ्या कंपनीचा होता. दोघांना जोडणारा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. जमला तर टीम लीडरची खुर्ची माझी. तीन आठवडे सॉल्व्हर एकच रडगाणं गात होता : ठोकळ्याचं घनफळ उणे आहे.

एकदा आप्पा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. "दोनी सॉफ्टवेअर ठोकळ्याच्या कोपऱ्यांना कसं नंबर देत्यात, वाचा बरं." मी कंटाळून वाचले. त्यांनी काडेपेटीच्या आठही कोपऱ्यांवर मेशचे आकडे निळ्या पेनानं घातले, सॉल्व्हरचे लाल पेनानं.

"ह्ये खालनं मोजतंय, आन् त्यो वरनं. मंग त्याला डबा उलटाच दिसनार, न्हाई का? उलटा म्हंजी उणं."

मी नंबरांचा क्रम बदलला आणि दहा मिनिटांत प्रोग्रॅम चालला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. पोटात दुखलं.

मोठ्या साहेबांनी येऊन विचारलं, "कुणी शोधलं?" मी स्क्रीनकडं बघत राहिलो. आप्पाच म्हणाले, "ह्यांनीच की. म्या निस्तं कोपरं मोजलं."

खुर्ची मला मिळाली आणि जळफळाट दुप्पट झाला. मी श्रेय हिसकावून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी देऊन टाकलं होतं. पुढं सॉल्व्हरचं काम आलं की मी आप्पांना जुनी ड्रॉइंगं लावायला बसवायचो. ते एकेक घडी उलगडून लावत बसायचे.

यंदा ते रिटायर झाले. जाताना काडेपेटी माझ्या टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या, सायेब. लागती कवा कवा."

परवा सॉल्व्हरची नवी आवृत्ती आली आणि घनफळ पुन्हा उणे. मी ड्रॉवरमधून काडेपेटी काढली, कोपरे मोजले. जमलं. आमच्याकडं नवीन लागलेली इंजिनिअर मुलगी बघत होती.

"भारी आहे, सर. कुणाची आयडिया?"

मी काडेपेटी मुठीत घेतली.

"माझीच," म्हणालो.