पुठ्ठ्यावरचं माझं पाऊल

नाशिक रोडला गाडी फलाटाला लागली. आईने डब्याची पिशवी हातात दिली आणि नाना एकदम खाली वाकले. मला वाटलं, बॅगेचा पट्टा बघतायत. पण त्यांनी माझ्या चपलेचा पुढचा भाग अंगठ्याने दाबला, टाचेमागे बोट घालून पाहिलं. बाप लेकीच्या पायाशी बसलाय म्हणून लोक वळून बघायला लागले. "नाना, उठा ना," मी ओशाळून म्हटलं. ते बसूनच म्हणाले, "थांब गं. लय लांब जायचं हाय, चावायला नको."

आमच्या गावात, हरसूलला राहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. आमच्या नानांना माणसाचं नाव उशिरा आठवतं, पाऊल आधी. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकाला पुठ्ठ्यावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिलीची रेघ ओढायची, पुढच्या बाजाराला चप्पल तयार. घरातल्या प्रत्येकाचा पुठ्ठा भिंतीला टांगलेला असे. दसऱ्याला कातडं कापायची रापी, आरी, ऐरण पुजली की पहिला जोड घरच्या माणसाचा. माझ्या पुठ्ठ्यावरची रेघ बारावीच्या वेळची.

त्या गाडीने गेले ती आता मी आंबूरला. तमिळनाडूतलं हे चामड्याचं गाव. इथले बूट जर्मनी-इटलीला जातात. इथल्या एका कारखान्यात माझं काम पासिंगचं. कातडं टेबलावर पसरायचं, गोचिडीचा डाग किंवा काटेरी तारेचा ओरखडा दिसला की खडूने गोल करून रिजेक्ट. नाना असला ओरखडा मुद्दाम पट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल असा घ्यायचे. "जनावर रानात चरलंय, कळू दे की," म्हणायचे. हे मी सुपरवायझर बाईंना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं. त्या हसून "सेरी, सेरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि कातडं रिजेक्टच्या ढिगावर गेलं. आमटीत गूळ घालते म्हणून खोलीतल्या पोरी मला चिडवतात, आजारी पडले की त्याच रसम करून पाजतात. मला त्या फार आवडतात.

दसरा झाला की नानांचं पार्सल येतं. पण दिवसभर फरशीवर उभं राहून माझा पाय रुंद झालाय, त्या चपला होत नाहीत. आईने फोनवर बजावून ठेवलं होतं, "त्यांना आता नीट दिसत नाय. प्लास्टिकचे सँडल आल्यापासून गिऱ्हाईकबी नाय. तुझा जोड करतात तेवढाच. तो बसत नाय असं कळलं तर रापी कायमची ठेवून देतील बघ." मग मी काय बोलणार? नाना विचारायचे, "चावते का गं?" मी म्हणायची, "छे, लोण्यासारखी आहे."

यंदा दसऱ्याला घरी गेले. पूजा झाल्यावर नानांनी नवा जोड पुढे सरकवला. मी बोटं आखडून पाय घुसवला आणि हसले. नानांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. वाकले, अंगठ्याने दाबलं.

"लोण्यासारखी म्हणं!"

आई दारातच थबकली. नानांनी चपला माझ्या पायातून काढून हातात घेतल्या. मग म्हणाले, "पुठ्ठा आण गं तिचा."

नानांना नीट दिसत नव्हतं, म्हणून एका हाताने माझा पाय चाचपत दुसऱ्याने रेघ ओढत गेले. नवी रेघ जुनीच्या बाहेरून गेली. दोन रेघांमधल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"उभ्यानं काम करायला लावतात तुला."

"हो, नाना."

"मंग सांगायचं ना. पाय वाढला तर चप्पल वाढवू. त्यात लपवायचं काय?" आणि त्यांनी आईकडे रापी मागितली.

सुट्टी संपायच्या आत नवा जोड झाला. पट्ट्यावर तारेचा ओरखडा, अगदी मधोमध. टाके थोडे वाकडे आहेत. मी पासिंगला असूनही ते पास केलेत.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुमचं मला माहीत नाही. मला घर म्हटलं की आता तो दोन रेघांचा पुठ्ठा आठवतो. नानांनी जुनी रेघ खोडली नाही.

नाशिक रोडला गाडी लागली. नाना पुन्हा खाली वाकले, लोक पुन्हा वळून बघायला लागले. या वेळी मी त्यांना उठा म्हटलं नाही.