कुलपातला पत्ता

भूत, करणी, भविष्य... यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही ठेवायची इच्छा नाही. तरी लिहितेय, कारण डोकं अजून शांत होत नाही.

मी बारामतीत एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी मोठी बहीण, अक्का, इंदापूरजवळ बावड्याला दिलेली. त्यांची डाळिंबाची बाग. अक्काच्या सुनेनं, पल्लवीनं, टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे पत्ते ऑनलाइन मागवले होते. दिवाळीत गेले तेव्हा तिनं दाखवले. चित्रं इम्प्रेशनिस्ट धाटणीची — जवळून नुसते रंगाचे फटकारे, हात लांब केला की ऊन, पाणी, माणसं दिसायची. खरं सांगते, मला आवडली.

मग तिनं एक पत्ता पुढं केला. पाण्याच्या कडेनं निघालेली पाठमोरी बाई. अक्काला ती आत्या म्हणते, दाजींना मामा.

"मावशी, आत्यांच्या नावानं कवाबी काढा, ह्योच येतोय. त्यांना चालताना धाप लागती. इंदापूरला डॉक्टरला दाखवा म्हणावं मामांना. माझं कुणी ऐकत न्हाय."

मी काय केलं? तिलाच झापलं. दाजी म्हणाले, माल तोडायला आलाय, नंतर बघू. अक्काही म्हणाली, मला काय झालंय. पत्ते मी उचलून आणले आणि सुट्टी संपल्यावर शाळेतल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवले. पुढच्या आठवड्यात तोच पत्ता नववीच्या वर्गात फटकारे समजावायला दाखवला, सगळे अठ्ठ्याहत्तर मोजून परत आत ठेवले. किल्ली माझ्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीचा फोन — तो पत्ता आत्यांच्या उशीखाली सापडलाय. नाटकं बंद कर म्हणाले आणि फोन कापला. कपाट उघडून बघितलं. सत्त्याहत्तर पत्ते. तोच नव्हता.

दुपारी अक्का बागेत कोसळली. इंदापूरला पोचेपर्यंत गेली. हृदयाचं दुखणं जुनं होतं म्हणे.

दहाव्याला भावकी बोलत होती, सुनेनं असलं काही घरात आणलं म्हणून हे झालं. दाजी मान हलवत होते! मी सगळ्यांदेखत विचारलं, "दाजी, दवाखान्यात न्या म्हणून मागं कोण लागलं होतं?"

आत जाऊन पल्लवीची माफी मागितली. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "तुमी तरी ऐकायचं हुतं, मावशी." आणि तो पत्ता माझ्या हातात दिला.

बंद कपाटातून तो बावड्याला कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण पत्त्यानं अक्काला नेलं, एवढं मात्र मला सांगू नका. इंदापूर तिथून अर्ध्या तासावर आहे. नेलं नाही ते आम्ही.