बाबांची खुर्ची आणि पाण्याचा पेला

आमचे हे माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांना काही निवडायला सांगू नये. एक सदरा घ्यायला चार फेऱ्या मारतात आणि शेवटी पहिल्याच दुकानातला आणतात. त्यात धंदाही असा की निवडण्यावाचून सुटका नाही. गंजलेल्या लोखंडावर हवेच्या जोराने बारीक खडा मारायचा, ते लख्ख करायचं, मग रंग चढवायचा. खडा कुठला, यात ह्यांचा जीव अडकलेला. पोलादाचा, गार्नेट नावाच्या लाल दगडाचा, काचेच्या मण्यांचा, अगदी अक्रोडाच्या कवचाचासुद्धा. सगळ्यांचे नमुने बरण्यांत भरून माझ्याच स्वयंपाकघराच्या फळीवर. एकदा शेजारीण काचेच्या मण्यांची बरणी साखर समजून घेऊन गेली आणि पाव तास चहा ढवळत बसली. तेव्हापासून ती साखर वरच्या मजल्यावरून आणते.

नवी गोणी आली की चिमूटभर खडा पेल्यात टाकायचा, पाणी ओतून हलवायचं आणि पेला उजेडात धरायचा, ही ह्यांची परीक्षा. वर तेलाचा तवंग आला की गोणी परत, पाणी गढुळलं तरी परत, नितळ राहिलं तरच गोणी ठेवून घ्यायची. तेलकट खडा मारलेल्या लोखंडावर रंग टिकत नाही म्हणे. असेल. पण लग्नाआधी हे पहिल्यांदा आमच्या घरी आले, आईने पाणी दिलं आणि ह्यांनी सवयीने पेला हलवून, उजेडात धरून चांगला निरखला. समोर बाबा बसले होते. बाबा न्हावी, गावाची डोकी त्यांच्या हातात, आणि हा परका पोरगा त्यांच्या घरचं पाणी तपासतो! मी पुढे किती समजावलं, पण असली परीक्षा असते हे त्यांना थापच वाटली. लग्न माझ्या हट्टाने झालं. पण बाबा बावीस वर्षं आमच्याकडे यायचे, बसायचे, नातवंडांचे केस कापायचे आणि पाणी मात्र घरून बाटलीत आणायचे. माझ्या मनाला किती लागतं याचा विचार दोघांपैकी एकालाही नव्हता.

गेल्या वर्षी बाबांच्या दुकानातली खुर्ची गंजाने खाल्ली. अंग सगळं बिडाचं आणि पाय ठेवायला पानाफुलांची नक्षी उठवलेला पातळ पत्रा. भाऊ म्हणाला, भंगारात टाका. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. शेवटी मीच मध्ये पडले आणि खुर्ची ह्यांच्याकडे आणली. बाबांनी नाक मुरडतच दिली, वर निरोप धाडला की वाळू मारा आणि मोकळे व्हा. ह्यांनी उलट कळवलं, वाळूची धूळ छातीत बसते, माझ्या उस्तादांच्या बसली, मी वाळू मारत नाही. झालं! आता खुर्ची बिघडली तर बाबांचं येणंही बंद होणार.

अकरा दिवस हे निवडत बसले. पोलाद बिडाला चालेल, पण पत्र्याची नक्षी खाईल. अक्रोडाचं कवच नक्षी राखेल, पण गंजाला नुसत्या गुदगुल्या करेल. बाबांचा रोज फोन, जावई खुर्ची रंगवतायत की तिला स्थळ शोधतायत? माझ्याही तोंडाचा पट्टा सुरू होताच. शेवटी ठरलं, बिडाला पोलाद आणि नक्षीला बारीक गार्नेट, तेही कमी हवेवर.

बाराव्या दिवशी मी बाबांना ह्यांच्या कामाच्या शेडवर नेलं. खुर्ची नुसती चमकत होती, नक्षीतल्या पानांच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात. आता ह्यांचा नियम असा की उघड्या लोखंडाला हात लावायचा नाही, घामाने गंज धरतो, आणि चार तासांच्या आत पहिला रंग बसलाच पाहिजे. हात लावला म्हणून एकदा वस्तूच्या खुद्द मालकाला ह्यांनी शेडबाहेर काढलं होतं. आणि बाबांनी थेट हात टेकायच्या दांडीवर पंजा ठेवला.

मग बोलायलाच लागले. कोण लग्नाच्या सकाळी या खुर्चीत बसून रडला, कोण दाढी करता करता घोरायचा. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावून दमले. हे रंगाची बंदूक घेऊन उभे होते. तासाभराने त्यांनी ती खाली ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसले. बाबा संध्याकाळपर्यंत बोलत होते.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पिवळट पडली होती आणि दांडीवर पाच बोटांचा तपकिरी पंजा उठला होता. बाबांनी आपला हात त्याच्यावर अधांतरी धरून पाहिला.

"माझ्यामुळे झालं हे?"

"हो."

"मालकाला बाहेर काढलंत म्हणे. मग मला का नाही बोललात?"

"तुम्ही बोलत होतात," हे म्हणाले.

बाबांनी हात खाली घेतला. न्हावी गप्प बसलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. ह्यांनी पुन्हा खडा मारायला नवी गोणी फोडली, चिमूटभर पेल्यात टाकली, पेला हलवून उजेडात धरला. बाबा टक लावून बघत राहिले. त्या दिवशी खुर्चीवर रंग चढला.

रविवारी बाबा घरी आले. हातात बाटली नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. बसल्या बसल्या म्हणाले, पाणी आण. मी धावत पेला भरून आणला. पेला घेतला, आणि हलवला की त्यांनी! उजेडात धरून, एक डोळा मिटून, ह्यांच्याकडे बघत निरखत बसले. हे कानापर्यंत लाल झाले. मला असा राग आला की पेला हिसकावून घ्यावा.

"ठेवून घ्या ही गोणी," बाबा म्हणाले आणि सगळं पाणी एका दमात प्यायले.

मी आत जाऊन रडले आणि मग दुसरा पेला भरून आणला.